अन्नदूषण नियंत्रण (भारत)

अन्नात घातक द्रव्ये, रोगजंतू किंवा हलका माल शिरू नये आणि शिरलाच तर तो ग्राहकाच्या ताटापर्यंत जाऊ नये, यासाठी सरकारने उभी केलेली मानके, परवाने, तपासणी व शिक्षा यांची व्यवस्था. तिचा आजचा आधार अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 हा आहे. मानके केंद्रीय प्राधिकरण ठरवते; महाराष्ट्रात प्रत्यक्ष अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे असते.

मुंबई प्रांताने भेसळीविरुद्ध 1925 मध्येच कायदा केला होता. देशभर लागू होणारा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1954 चा. त्याचा रोख मुख्यतः लबाडीवर होता, म्हणजे दुधातले पाणी, तिखटातली विटेची भुकटी. लबाडी जीवघेणी ठरू शकते हे 1998 मध्ये दिल्लीत दिसले. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि सुमारे 60 माणसे दगावली. त्याच वर्षी खाद्यतेल सीलबंद विकण्याचा आदेश निघाला. सुटे तेल तरीही बाजारातून हटले नाही, ही गोष्ट वेगळी.

पण प्रत्येक विषबाधेमागे भेसळखोर असतोच असे नाही. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी चढलेला मका खाऊन 397 जण काविळीने आजारी पडले, 106 दगावले. त्यात कोणी काही मिसळले नव्हते. बुरशीचे हेच विष, अफ्लाटॉक्सिन, जनावराने खाल्लेल्या बुरशीच्या पेंडीतून दुधातही उतरते. म्हणून आताच्या नियमांत दुधातील त्याची कमाल मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम अशी बांधून दिली आहे.

कायद्याची खरी कसोटी नमुना घेताना लागते. अन्न सुरक्षा अधिकारी माल पैसे देऊन विकत घेतो आणि त्याचे चार भाग करतो. एक अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे राहतात. चौथा विक्रेत्याने मागणी केल्यास त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो. बाटली जाड कागदात गुंडाळून वर चिठ्ठी चिकटवतात. विक्रेत्याची सही अर्धी चिठ्ठीवर, अर्धी वेष्टनावर येईल अशी घ्यायची, मग सुतळी व लाखेची सीले. दुधाचा नमुना नासू नये म्हणून दर 25 मिलिलिटरला दोन थेंब फॉर्मॅलिन घालतात. दूधवाल्याने तेच घातले तर तो गुन्हा. विश्लेषकाने अहवाल 14 दिवसांत द्यायचा असतो आणि तो मान्य नसल्यास 30 दिवसांत अपील करता येते. यातली एखादी पायरी चुकली की बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो.

निकृष्ट, म्हणजे मानकांत न बसणाऱ्या पण घातक नसलेल्या मालाला 5 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान 7 वर्षे ते जन्मठेप. शिक्षा कडक असली तरी पुरावा आधी टिकावा लागतो. जून 2015 मध्ये शिशाच्या प्रमाणावरून मॅगी नूडल्सवर देशभर बंदी आली, पण ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली: कंपनीला म्हणणे मांडू दिले नव्हते आणि चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांना आवश्यक ती मान्यता नव्हती. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मॅगीची विक्री पुन्हा सुरू झाली.