दोन मिलिमीटर विटांची भुकटी

फ्रेंच ओपन ही टेनिस स्पर्धा पॅरिसमध्ये जिथे होते, त्या रोलाँ गारोसच्या कोर्टवरची प्रसिद्ध ‘लाल माती’ ही माती नाहीच. ती विटांची भुकटी आहे, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची; तिच्याखाली चुनखडीच्या चुऱ्याचा जाड थर असतो. एवढ्याशा भुकटीने भल्याभल्यांना रडवलंय. गवतावरचं विम्बल्डन सात वेळा जिंकणाऱ्या पीट सॅम्प्रसला फ्रेंच ओपनची अंतिम फेरीसुद्धा गाठता आली नाही. राफाएल नदालने मात्र इथे १४ विजेतेपदं मिळवली आणि ११६ सामन्यांत तो फक्त चार हरला.

हे कोर्ट ‘संथ’ असतं असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे.

टप्पा पडताना चेंडू सेकंदाचा काही हजारावा भाग जमिनीला टेकतो. तेवढ्यात भुकटी त्याला धरते. घर्षण जास्त असल्याने त्याचा पुढे जाण्याचा वेग गवतावर कमी होतो त्याहून जास्त घटतो. वर उसळण्याचं मात्र उलट आहे. गवत आणि त्याखालची जमीन चेंडूची ऊर्जा गिळते, तितकी विटांची भुकटी गिळत नाही. पुढची धाव कमी आणि उसळी जास्त, म्हणून चेंडू चढ्या कोनात वर येतो. गवतावर गुडघ्याशी येणारी सर्व्हिस इथे आरामात कमरेच्या वर येते, आणि परतवणाऱ्याला वेळही मिळतो. सर्व्हिसच्या जोरावर खेळणाऱ्या सॅम्प्रसचं घोडं अडलं ते इथेच.

आता टॉपस्पिन. यात चेंडूचा माथा पुढे फिरतो आणि तळ मागे. फिरत्या चेंडूमागची हवा वर वळते, त्यामुळे चेंडू खाली दाबला जातो. म्हणूनच जाळ्यावरून बराच उंच गेलेला फटकाही कोर्टच्या आत पडतो, आणि उभट कोनात पडल्यामुळे उसळतोही उंच. खरी गंमत टप्प्याच्या क्षणी घडते. तळ मागे फिरत असल्याने तो जमिनीवर कमी घसटतो, मग घर्षणाला रोखायला फारसं काही उरत नाही. फारशी फिरकी नसलेला सपाट फटका जितका वेग गमावतो तितका टॉपस्पिन गमावत नाही. म्हणजे हे कोर्ट सगळ्यांसाठी सारखं संथ नसतंच.

नदालच्या फोरहँडची, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूने मारलेल्या फटक्याची, फिरकी वेगवान कॅमेऱ्यांनी मोजली, तेव्हा ती सरासरी मिनिटाला ३२०० फेऱ्यांच्या आसपास भरली. त्यात तो डावखुरा. त्याचा तिरका फोरहँड उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडला (दुसऱ्या बाजूच्या फटक्याला) थेट खांद्याशी भिडायचा, आणि एका हाताने बॅकहँड मारणाऱ्यांना तर तिथून जोर लावणंच कठीण.

यात रॅकेटच्या तारांचाही हात आहे. १९९७ साली गुस्ताव्हो कुएर्तेन पॉलिएस्टरच्या तारा वापरून इथे जिंकला. या तारा चेंडूबरोबर सरकतात आणि झटक्यात जागेवर परततात. तो झटका फिरकीत जातो.

पण टॉपस्पिन हाच एकमेव मार्ग समजू नये. ख्रिस एव्हर्ट बऱ्यापैकी सपाट मारायची, तरी तिची इथली विजेतेपदं सात. संथ कोर्टवर न चुकणं हेही हत्यारच.

२०२० साली ही स्पर्धा सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरात गेली. थंडीत चेंडू कमी उसळतो आणि गार, दाट हवेत मंदावतो. नदालने थंडीबद्दल आणि नव्या, जड वाटणाऱ्या चेंडूंबद्दल कुरकुर केली होती. अंतिम सामना तर बंद छताखाली झाला. समोर नोव्हाक जोकोविच होता. निकाल ६-०, ६-२, ७-५. जिंकला नदालच, तोही स्पर्धेत एकही सेट न गमावता.