गाय गेली तर कशाने गेली हे विचारायलाच हवं

सिन्नर, निफाड, येवला, कुठल्याही गोठ्यावर जा, एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, जास्त दूध देणारी विदेशी जात) गाय तीन-चार दिवस तापली, चारा सोडला, दूध एकदम आटलं, तापाचं इंजेक्शन झालं, सलाईन झाली आणि तरी गेली. कशाने गेली विचारलं तर म्हणतात, "ताप होता." अहो पण ताप हा काही रोग नाही, ते लक्षण आहे, त्याच्यामागे दहा वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

चांगला डॉक्टर इंजेक्शन भरायच्या आधी जनावराला हात लावतो. थर्मामीटर (गाईचं नॉर्मल १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास), शेपटीच्या खालच्या बाजूला नाडी, मिनिटाला साधारण ६० ते ८०, मग डाव्या भकाळीत मूठ दाबून धरायची म्हणजे कोठीपोट (पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा) हलतंय का ते कळतं, मिनिटाला एक-दोनदा तरी हलायला पाहिजे. पापणी खाली ओढून आतला रंग बघायचा, गुलाबी आहे, पांढरा फटक पडलाय की पिवळा. दहा मिनिटांचं काम आहे हे, कुठलंही मशीन लागत नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की ही दहा मिनिटं मालकाने डॉक्टरांकडे मागून घ्यावीत.

आता खांद्याच्या पुढची गाठ, म्हणजे लसिकाग्रंथी. गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरिया आजारात ही गाठ बऱ्याचदा नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतकी सुजते. तिच्यात सुई घालून थेंबभर द्रव काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, जिम्सा नावाचा रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. पांढऱ्या पेशींच्या आत निळसर-जांभळे ठिपक्यांचे पुंजके दिसतात, जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या नावावरून त्यांना कॉख ब्लू बॉडीज म्हणतात. हा परजीवी काय करतो ते खरंच थक्क करणारं आहे, तो पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिला कॅन्सरच्या पेशीसारखं वाढत राहायला लावतो, पेशीचे दोन भाग झाले की स्वतःही विभागून दोन्हीकडे जातो, म्हणजे गाईची स्वतःची पेशीच त्याची पैदास करते. म्हणून गाठ सुजते. पुढे तो तांबड्या पेशींत जातो, त्या नष्ट व्हायला लागतात आणि पापणी पांढरी पडते.

पण इथे एक मेख आहे. बरं झालेल्या जनावराच्या रक्तात हा परजीवी थोडाफार तसाच राहतो, आपल्या देशी गुरांमध्ये तर बऱ्याचदा, ती तब्येतीने ठणठणीत असतात. त्यामुळे कानाच्या रक्तात चार ठिपके दिसले म्हणून आजचा ताप त्याचाच असं होत नाही. गाठ, पापणी, ताप आणि काचपट्टी हे सगळं एकत्र जुळवावं लागतं, नुसता रिपोर्ट हातात घेऊन औषध ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

तारेचंही तसंच. चाऱ्यातून खिळा नाहीतर तारेचा तुकडा पोटात जातो, आणि आपल्याकडे द्राक्षाच्या मांडवामुळे तारेला काही तोटा नाही. जाळीपोट (पोटाचा पुढचा कप्पा) हृदयाच्या अगदी जवळ, मध्ये फक्त पडदा, तार तो भोसकून हृदयाच्या आवरणात गेली की तिथे पू होतो. गाय पाठ कमानीसारखी करून उभी राहते, उतारावर चालायला नको म्हणते, मानेची शीर फुगते, पुढच्या पायांमधल्या पोळीला (लोंबत्या कातडीला) सूज येते. इतकं दिसत असताना रोज भूक लागायची पावडर देत बसणं म्हणजे जनावराचे हाल.

जनावर दगावलंच तर पोस्टमॉर्टेम करा, आणि लवकर. मेल्यावरही कोठीपोटात आंबणं चालूच राहतं, आतली उष्णता वाढते, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर काही तासांत आतड्याचं अस्तर सडायला लागतं, मग मायक्रोस्कोपखाली रोग दिसतो की सडणं, काही सांगता येत नाही.

फक्त एका बाबतीत अजिबात कापायचं नाही. जनावर अचानक मेलं, पोट भराभर फुगलं, नाका-गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलं तर फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरायचा. प्रेत उघडलं की जंतूंना हवा मिळते, ते बीजाणू करतात आणि ते बीजाणू मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. माणसालाही हा रोग होतो. डॉक्टर कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर बघतात, तेवढं पुरतं. या जंतूचं जीवनचक्र १८७६ मध्ये उलगडलं तेही कॉखनेच.

बाकी वेळी पोस्टमॉर्टेममध्ये काढलेले अवयवांचे तुकडे लॅबसाठी १० टक्के फॉर्मेलिनमध्ये (न सडू देणाऱ्या द्रवात) जातात. तुकडा १ सेंटीमीटरपेक्षा जाड नको, कारण फॉर्मेलिन आत फार हळू शिरतं, आणि द्रव तुकड्याच्या दहापट हवा. रोगट आणि चांगला भाग दोन्ही येतील असा कडेचा तुकडा घ्यायचा, कारण रोग पुढे सरकताना तिथेच दिसतो. लॅबमध्ये तो मेणात बसवून ४-५ मायक्रॉनचे काप काढतात आणि रंगवतात, पेशीचं केंद्र निळं-जांभळं, बाकी गुलाबी.

मात्र पिसाळलेल्या जनावराचा मेंदू बर्फावरच गेला पाहिजे. निग्री बॉडीज, म्हणजे रेबीजमध्ये मेंदूच्या पेशींत दिसणारे ठिपके, १९०३ पासून माहीत आहेत पण त्या प्रत्येक केसमध्ये दिसत नाहीत, म्हणून चमकणाऱ्या अँटिबॉडीची टेस्ट करतात आणि तिला ताजा मेंदू लागतो. आणि गाय लाळ गाळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, तर घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका, रेबीजमध्ये अगदी असंच दिसतं. हात घातला गेलाच असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखान्यात जा.

नमुन्यासोबत चिठ्ठी द्या. नाशिकहून पुण्याच्या औंधच्या पशुरोग लॅबपर्यंत २०० किलोमीटर जाणाऱ्या बरणीवर नुसतं "गाय, लिव्हर" लिहिलेलं असेल तर तपासणारा तरी काय करणार? वय, जात, किती दिवस आजारी, ताप किती, कुठली औषधं दिली, गोठ्यात आणखी किती आजारी, गोचीड होते का, एवढं लिहायला एक पान पुरतं.