शाश्वत बांधकाम, गोव्यातील

बांधकामास लागणारा दगड, रेती, चुना, लाकूड, पाणी व जमीन ही साधने पुन्हा भरून येण्याच्या मर्यादेत वापरणे आणि इमारतीचा ऊर्जाखर्च, देखभाल व पाडकामानंतरचा राडारोडा कमी ठेवणे, अशी शाश्वत बांधकामाची ढोबळ व्याख्या केली जाते. ३,७०२ चौ. किमी. क्षेत्रफळाचे राज्य, पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस किनारा, मधोमध नद्यांकाठच्या खाजण (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या) जमिनी आणि वर्षाकाठी सुमारे ३,००० मिमी. पाऊस, अशी गोव्याची स्थिती आहे. त्यामुळे येथे हरित इमारतींच्या मानांकनापेक्षा साहित्य कोठून आले आणि घर कोणत्या जमिनीवर उभे राहिले, हे प्रश्न आधी येतात.

जांभा व चिरे : गोव्यातील बहुतेक जुनी घरे, देवळे, चर्च, किल्ले आणि शेतांचे गडगे जांभ्या दगडाचे आहेत. सड्यांवरील (खडकाळ पठारांवरील) चिरेखाणींतून या दगडाचे आयताकृती चिरे काढतात. जांभ्यातील काम येथे निश्चितच जुने आहे. हरवळे येथील लेणी जांभ्यात कोरलेली असून ती साधारणपणे इ. स. सहावे-सातवे शतक या काळातील मानतात. ती मुळात बौद्ध की शैव यावर मतभेद आहेत. गाभाऱ्यांतील शिवलिंगे पाहता शैव मताकडे कल झुकतो, तथापि बौद्ध लेण्यात नंतर बदल झाला असावा हे म्हणणे पूर्णपणे निकालात निघालेले नाही. याउलट तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेव मंदिर बेसाल्टचे आहे. त्याचा दगड घाटमाथ्याकडून आणला असावा, असा तर्क केला जातो.

युरोपीय शास्त्रीय वाङ्मयात या दगडाचा रीतसर परिचय फ्रान्सिस बुकानन याने करून दिला. १८००-०१ मधील प्रवासात मलबारातील अंगाडिपुरम येथे त्याने हा दगड पाहिला व १८०७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जमिनीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो, हे त्याचे निरीक्षण पुढे पाठ्यपुस्तकांत कायम झाले.

हे कठीण होणे नेमके कशामुळे, याविषयी मात्र एकमत नाही. एका मतानुसार दगड उघडा पडल्यावर त्यातील पाणी निघून जाते, आळीपाळीने ओलावणे व सुकणे घडते आणि लोहाची जलयुक्त ऑक्साइडे निर्जल होऊन त्यांचे स्फटिक एकमेकांत गुंततात. दुसऱ्या मतानुसार सड्याच्या माथ्यावरचा थर लक्षावधी वर्षांत आधीच घट्ट झालेला असतो, खालच्या केओलिनयुक्त (पांढऱ्या मातीच्या) थरात ही क्षमता मुळातच कमी असते, आणि ‘हवेने कठीण होणे’ हा बऱ्याच अंशी केवळ वाळण्याचा परिणाम होय. बांधकामाच्या दृष्टीने दुसरे मत अधिक उपयोगी दिसते. एकाच खाणीतील वरचा चिरा शंभर वर्षे टिकतो आणि खालचा फिकट, पांढरे ठिपके असलेला चिरा काही पावसाळ्यांतच कोपऱ्यांवर विरघळू लागतो, याचा उलगडा त्याने होतो. चिरे काही काळ उघड्यावर ठेवून मगच भिंतीत घालण्याची जुनी रीत दोन्ही मतांशी जुळते, कारण त्या अवधीत कच्चा चिरा आपोआप उघड होतो. आज ट्रकमधून उतरलेला चिरा बहुधा त्याच आठवड्यात भिंतीत जातो.

भारतीय मानक आयएस ३६२० नुसार बांधकामाच्या जांभ्याची दाबसहनक्षमता किमान ३.५ न्यूटन प्रति चौ. मिमी. असावी आणि जलशोषण १२ टक्क्यांहून अधिक नसावे. विटेप्रमाणे भाजावा लागत नसल्याने चिऱ्यामागे खर्च होणारी ऊर्जा कमी असते, हे शाश्वततेच्या बाजूचे मुख्य कारण होय. परंतु त्यावरून जांभ्यास सरसकट ‘पर्यावरणस्नेही’ म्हणणे घाईचे ठरेल. खाण संपली की सड्यावर उभ्या कडांचा खड्डा उरतो व पावसाळ्यात तो पाण्याने भरतो. सड्यावरची पावसाळी गवते व फुलझाडे परतण्यास दीर्घ काळ लागतो. गोव्यातील चिरेखाणींवर निर्बंध आले, तसा शेजारच्या सिंधुदुर्गातील चिरा येथे अधिक येऊ लागला. म्हणजे खड्डा सरहद्दीपलीकडे गेला, एवढेच. गौण खनिजांसाठी गोव्यात १९८५ चे नियम आहेत. खाण बुजविण्याची अट कागदावर जितकी ठळक, तितकी सड्यावर दिसत नाही.

चुना व गिलावा : जुन्या बांधकामात शिंपल्या भट्टीत भाजून कळीचा चुना करीत, तो पाण्यात विरवीत आणि रेतीसह चुन्याच्या घाण्यात मळून घेत. त्यात गुळाचे पाणी व हिरड्याचा काढा घालण्याची पद्धत पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र आढळते. साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो आणि गिलावा सावकाश, पण आतपर्यंत घट्ट होतो. चुना सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजतो, तर सिमेंटच्या क्लिंकरला (दळण्यापूर्वीच्या भाजलेल्या गोळ्यांना) १,४५० अंशांच्या आसपास तापमान लागते. शिवाय चुन्याचा गिलावा कठीण होताना हवेतील कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो; भाजताना बाहेर पडलेल्या वायूचा काही भाग त्यामुळे भरून निघतो.

सच्छिद्र जांभ्यावर चुना श्वास घेऊ देणाऱ्या कपड्यासारखा बसतो: भिंतीत शिरलेली ओल पुन्हा बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा ती आत कोंडतो. मग क्षार साठतात आणि चिऱ्याचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. जुन्या घरांच्या दुरुस्तीत सर्वाधिक आढळणारा दोष हाच.

या प्रश्नाचे सर्वांत चर्चिलेले उदाहरण म्हणजे जुने गोवे येथील बॉम जीझस बासिलिका. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेल्या या वास्तूवरील चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविद बाल्ताझार कास्त्रू यांच्या देखरेखीखाली काढण्यात आला. उघड्या दगडामुळे इमारतीस प्राचीनतेचे रूप येते, ही त्या काळच्या पोर्तुगालमधील जीर्णोद्धारात रुजलेली अभिरुची त्यामागे होती, असे सामान्यतः मानतात. १९८६ पासून ही वास्तू गोव्यातील चर्च व कॉन्व्हेंट यांच्या समूहात जागतिक वारसा यादीत आहे. गिलावा पुन्हा चढवावा, असे संवर्धन वास्तुविदांपैकी अनेकांचे म्हणणे आहे. तांबूस उघडा दगड हीच आता लोकांच्या मनातील ओळख असून ती पुसू नये, असा प्रतिपक्ष आहे. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने पहिले मत अधिक सयुक्तिक होय. समोरचे चुनाधारी से कॅथेड्रल हा त्याचा शेजारीच उभा असलेला पुरावा मानता येईल. मात्र चुन्याला ठरावीक वर्षांनी हात द्यावा लागतो, आणि तो देणारे कारागीर कमी झाले आहेत, ही अडचण दोन्ही पक्षांना मान्य आहे.

इतर पारंपरिक घटक : छपराच्या खोल वळचणी, हिंदू घरांतील राजांगण (आतला चौक) व वसरी (ओसरी), ख्रिस्ती घरांतील बालकांव (दारापुढचा बैठकीचा सोपा) हे हवा व सावलीचे उपाय परिचित आहेत. पावसाळ्यापूर्वी उघड्या भिंतींना माडाच्या झावळ्यांचे पडदे बांधण्याची रीत खेड्यांत अजून दिसते. चतुर्थीच्या सुमारास त्या झावळ्या काढून चुलीत घालतात. छपरांवर पूर्वी अर्धगोल नळे (नळीची कौले) असत. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढल्यानंतर सपाट मंगळुरी कौले हळूहळू रूढ झाली.

परंपरेतील प्रत्येक गोष्ट आज शाश्वत ठरत नाही. खिडक्यांतील शिंपल्यांची अर्धपारदर्शक तावदाने हे त्याचे उत्तम उदाहरण. ती प्लाक्युना प्लासेंटा या जातीच्या शिंपल्यांची असत. झुआरीच्या मुखाजवळ चिखलीच्या उपसागरात या शिंपल्या आढळतात. २००१ मध्ये ही जात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आली. त्यामुळे नव्या घरांत जुन्या शैलीच्या हौसेने अशी तावदाने बसविण्याचे समर्थन करता येत नाही; मोडलेल्या घरांतील जुनी तावदाने वापरणे वेगळे.

जमीन व कायदे : भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या खाजण जमिनी सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगतात. बांधातील मानशीचे लाकडी दरवाजे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात व ओहोटीला उघडून शेतातील पाणी बाहेर सोडतात. खाजणात मातीचा भराव टाकून इमारत उभी राहिली की पुराचे पाणी वस्तीत चढते. अशा जमिनीवरील उत्तम मानांकनाची इमारतही शाश्वत म्हणता येणार नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी करून खाजणांस संरक्षण देण्यात आले.

नगर व ग्राम नियोजन कायदा १९७४ चा. त्याखालील, २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा हा गोवा बचाव अभियान या नागरिकांच्या चळवळीच्या विरोधानंतर २००७ मध्ये मागे घेण्यात आला. त्यानंतरच्या, २०२१ पर्यंतच्या आराखड्याच्या कृतिदलात वास्तुविद चार्ल्स कुरैया होते. त्यात पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जमिनींचे वर्ग पाडले गेले. २०२३ मध्ये नियोजन कायद्यात घातलेल्या, आराखड्यातील जमिनीचा वर्ग बदलू देणाऱ्या कलम १७(२) खालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ मध्ये रद्द केले. भूजलासाठी २००२ चा स्वतंत्र कायदा आहे. २०,००० चौ. मी. वा अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांस २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते; गोव्यातील बरीच बांधकामे या मर्यादेखालीच राहतात.

आधुनिक प्रयत्न : पणजीतील कला अकादमीत (१९८३) कुरैया यांनी जांभा व नदीकाठचा वारा यांचा मेळ घातला. वास्तुविद जेरार्ड दा कुन्हा व डीन डिक्रूझ यांच्या कामात स्थानिक दगड, पुनर्वापरातील लाकूड व कमी सिमेंट यांवर भर दिसतो; दा कुन्हा यांनी उभारलेले तोर्डा येथील ‘हाउसेस ऑफ गोवा’ संग्रहालय गोमंतकीय घराच्या अभ्यासासाठी उपयुक्त आहे. ‘गृह’ (जीआरआयएचए) व भारतीय हरित इमारत परिषद यांच्या हरित इमारतींच्या मानांकन पद्धती येथेही लागू आहेत. निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ ही ऊर्जाबचतीची नियमावली २०१८ मध्ये आली. राडारोड्यासाठीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत दिवसाला २० टन किंवा प्रकल्पामागे महिन्याला ३०० टन निर्माण करणाऱ्यांवर वर्गीकरणाची जबाबदारी ठेवली होती. नदीतील रेतीच्या उत्खननावर न्यायालयीन निर्बंध आल्यापासून यंत्रात दळलेल्या दगडाच्या रेतीचा वापर वाढला असून, गिलाव्यासाठी मात्र मेस्त (गवंडी) अजून नदीचीच रेती मागतात.