सातबाऱ्यावर न येणारं पीक

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की सिन्नर, मग नांदूर शिंगोटे, आणि थोडं पुढे गेलं की जिल्हा बदलतो. पलीकडचा अहमदनगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गांजाच्या शेतीसाठी माहीत होता. मुंबई इलाख्यात असं दुसरं नाव साताऱ्याचं. ही शेती चोरून होत नव्हती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली परवाना काढायचा, पेरायचं, आलेला माल परवानाधारक व्यापाऱ्याला घालायचा आणि सरकारने आपला कर घ्यायचा, असा सरळ व्यवहार होता. ज्वारी-बाजरीच्या शेजारी उभं असलेलं हे पीक गावात सगळ्यांना दिसायचं.

आज आपल्याकडे गांजाची झाडं सापडल्याची बातमी येते तेव्हा तिच्यात हमखास ‘वनहद्दीत’, ‘डोंगराच्या कुशीत’, ‘मक्याच्या आड’ असे शब्द असतात. उघड्या रानातलं पीक आडरानात कसं गेलं, हे समजून घ्यायचं तर लोकांच्या व्यसनापेक्षा जमिनीच्या कागदाकडे बघावं लागतं, असं माझं मत आहे.

आधी झाडाबद्दल थोडं. लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला कॅनाबिस सॅटिव्हा म्हटलं आणि १७८५ मध्ये लामार्कने भारतातून गेलेल्या नमुन्यावरून कॅनाबिस इंडिका अशी वेगळी जात मांडली. एकाच झाडाचे तीन जिन्नस. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, आणि नुसत्या चिकाचा चरस. हिमालयाच्या पायथ्याला ते तणासारखं आपोआप उगवतं. दख्खनमध्ये तसं होत नाही. एखाद्या मठाच्या उकिरड्यावर चिलमीतून पडलेल्या बियांचं रोप वर आलेलं दिसेलही, पण सह्याद्रीत किंवा सातपुड्यात ओळीने उभी झाडं दिसली तर ती कोणीतरी लावलेलीच असतात. ‘आपोआप उगवलं साहेब’ हा जबाब हिमाचलात एक वेळ खपेल, पेठ-सुरगाण्यात नाही.

ब्रिटिशांना या पिकाची नीट चौकशी करावी लागली ती लंडनमधल्या ओरडीमुळे. मद्यपानविरोधी चळवळीतले खासदार विल्यम केन यांनी १८९३ च्या मार्चमध्ये संसदेत प्रश्न विचारला आणि त्याच वर्षी मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. कमिशनने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, शेतकरी, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी, सगळे त्यात आले. बैरागी-गोसावी किती ओढतात, कुठल्या सणाला भांग घोटतात, ओढून माणूस वेडा होतो का, गुन्हे करतो का, असे प्रश्न होते. १८९४ चा अहवाल कित्येक खंडांचा आहे आणि निष्कर्ष आजच्या वाचकाला बुचकळ्यात टाकणारा. बेताने घेतल्यास फारसं नुकसान नाही, अतिरेक वाईट, संपूर्ण बंदी गरजेचीही नाही आणि शहाणपणाचीही नाही. कर लावा, परवाने मोजके ठेवा आणि शेती थोड्या ठिकाणी एकवटा म्हणजे लक्ष ठेवता येईल.

या ‘एकवटा’ शब्दाने पुढचं बरंच काही ठरवलं. बंगालमध्ये राजशाहीकडच्या नौगावला हा प्रयोग आधीपासून चालू होता. ठरलेला टापू, उभ्या पिकावर पहारा, माल थेट सरकारी गोदामात. आपल्या जवळचं उदाहरण मध्य प्रांतातल्या खंडव्याचं. नौगावच्या शेतकऱ्यांनी तर १९१७ साली गांजा उत्पादकांची सहकारी सोसायटी काढली. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहायला तेव्हा तीन दशकं अवकाश होता. सहकाराच्या आपल्या इतिहासात हे पान कोणी वाचून दाखवत नाही.

पण पीक ठरलेल्या टापूत एकवटलं की त्या टापूबाहेर लावलेलं प्रत्येक झाड चोरीचं ठरतं. काल परवान्यावर पेरणाऱ्याचा परवाना आज निघाला नाही, पण बी घरात आहे, कसब हातात आहे, गिऱ्हाईक चावडीच्या मागे बसलेलं आहे. चोरट्या वाफ्याचा जन्म इथला. अजून बंदी आलेलीही नव्हती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. त्यात दारूबरोबर भांग-गांजाही बसवला. हा कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे, म्हणून बनारसला भांगेचं सरकारमान्य दुकान दिसतं आणि नाशकात परवान्याशिवाय भांग बाळगणं गुन्हा होतो. शिवरात्रीला रामकुंडावर ही गोष्ट किती जणांच्या ध्यानात असते, तो भाग वेगळा.

मग आला १९६१ चा अंमली पदार्थांवरचा आंतरराष्ट्रीय करार. गांजाला त्यात अफूच्या पंगतीला बसवलं. भारतासारख्या देशांना परंपरागत वापर थांबवायला करार लागू झाल्यापासून पंचवीस वर्षांची मुदत मिळाली आणि व्याख्येतून शेंड्याशिवायची पानं वगळली गेली. भांग वाचली ती अशी. करार डिसेंबर १९६४ मध्ये लागू झाला, म्हणजे मुदत १९८९ ला संपणार. ती संपायच्या आत, १४ नोव्हेंबर १९८५ पासून, अंमली पदार्थांविरुद्धचा केंद्राचा एनडीपीएस कायदा आला. काही राज्यांत तोपर्यंत गांजाची सरकारमान्य दुकानं चालू होती.

या कायद्यात वजनाच्या कलमांची चर्चा सगळे करतात. एक किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प मात्रा, वीस किलोच्या वर व्यापारी मात्रा, वगैरे. लागवडीची गोष्ट निराळी आहे. झाड लावणं हाच गुन्हा. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, मग झाडं चार असोत की चारशे. शेतकऱ्याला खरा चाप बसवतात ती त्यापुढची कलमं. सेहेचाळिसावं कलम सांगतं की आपल्या जमिनीत असं पीक असेल तर जमीनधारकाने लगेच कळवायचं. माहीत असून गप्प बसला तर तोही आरोपी. सत्तेचाळिसावं हेच ओझं सरपंच, पंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवर टाकतं. म्हणजे तलाठी (ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे), पोलीस पाटील, सरपंच, सगळे बांधले गेले. अठ्ठेचाळिसाव्याने उभं पीक जप्त करता येतं.

आता लावणाऱ्याच्या बाजूने बघा. गाव नमुना सातवर ज्याचं नाव, त्याच्या दारात पोलीस येणार. नमुना बारावर पिकाची नोंद होते, २०२१ पासून तर ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये शेतात उभं राहून फोटो काढायचा. मग तो काय करेल? आपलं नाव नसलेली जमीन शोधेल. अशी जमीन आपल्याकडे एकाच खात्याची मुबलक आहे.

जंगलातल्या या लपवाछपवीचं जगातलं गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांच्या डोंगरात १९६० च्या दशकाच्या शेवटी शहरं सोडून आलेली तरुण मंडळी राहायला गेली आणि परसात गांजा लावू लागली. सत्तरच्या दशकात मेक्सिकोतल्या पिकावर विमानातून पॅराक्वाट हे तणनाशक फवारलं गेलं, तसे अमेरिकेतले गिऱ्हाईक घरच्या मालाकडे वळले आणि भाव चढले. १९८३ पासून सरकारने हेलिकॉप्टर घेऊन धडक मोहीम सुरू केली. वरून दिसतं म्हटल्यावर उघड्यावरचे वाफे झाडांच्या सावलीत गेले, स्वतःच्या जमिनीवरचे सरकारी राष्ट्रीय वनांत सरकले. कारण तेच, सापडलं तर जमीन कोणाची हा प्रश्न आपल्यावर येत नाही. इंग्रजीत याला गुरिला शेती म्हणू लागले. गनिमी काव्याच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला हा शब्द जरा बोचतोच.

या वाफ्यांचा भुर्दंड जंगलाला बसला. तिथे टाकलेल्या उंदीरमाराच्या विषाने फिशर नावाचा मुंगसासारखा प्राणी मरतो आहे, हे २०१२ च्या संशोधनात पुढे आलं. ओढ्यांचं पाणी पाइपांनी वळवलेलं, खतांची पोती दरीत टाकलेली. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने एकवीस वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी गांजा कायदेशीर केला, तरी जंगलातले चोरटे वाफे संपलेले नाहीत. परवाना, कर आणि तपासण्या यांचा खर्च टाळणारा माल स्वस्त पडतो, हे नौगावच्या काळातलंच गणित आहे.

आपल्या भागात या गोष्टीचं केंद्र म्हणजे धुळे जिल्ह्यातला शिरपूर तालुका. सातपुड्याच्या पायथ्याच्या वनजमिनीवर मका, तूर, कपाशीत लावलेला गांजा तिथे पोलीस वर्षानुवर्षं उपटत आले आहेत. पावसाळ्यात लागलेलं पीक दसरा-दिवाळीच्या पुढे तयार होतं आणि बातम्याही त्याच सुमाराला वाढतात. फुलोरा आला की वास लपत नाही. नाशिकच्या बाजारात येणारा बराच माल मात्र दूरचा, आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरांतून ट्रकच्या चोरकप्प्यांत आलेला असतो. नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात, सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीकडे, मुख्य पिकं भात, नागली, वरई. तिथल्या माणसाची वनजमिनीबद्दलची लढाई वेगळीच आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या हजारो लोकांच्या हातात वनपट्ट्यांच्या मागण्या होत्या. २००६ च्या वनाधिकार कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्यांना हक्क मिळायचा आहे. कित्येकांचे दावे अडकलेले, आणि मिळालेले पट्टे दाव्यापेक्षा कमी क्षेत्राचे. ‘वनजमिनीवर गांजा’ ही बातमी वाचून शहरातला माणूस या सगळ्यांना एका माळेत ओवतो, याचा मला राग येतो. पट्टा अजून मंजूर न झालेल्या माणसाच्या वहिवाटीच्या तुकड्यात भलत्याने चार ओळी लावल्या तर तो कळवायला जाणार कसा? कळवलं की आधी सिद्ध होणार की जमीन तो कसतो, आणि मग विचारणार की झाडं कोणाची.

कोर्टात घोडं अडतं तेही इथेच. लागवडीचा गुन्हा शाबीत करायचा तर ती जागा आरोपीच्या ताब्यात होती हे दाखवावं लागतं. खासगी शेत असेल तर उतारा आहे. वनखात्याच्या जागेत पंचनामा, पायवाट आणि शेजाऱ्याचा जबाब एवढ्यावर भिस्त. बियाण्याला आणि फवारणीला पैसे लावणारा, माल उचलणारा माणूस या कागदांत कुठे येत नाही. सापडतो तो पाणी घालायला ठेवलेला.

दुसरी अडचण वजनाची. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठाण्यात दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, तेव्हा आवारात ताडपत्रीवर ओल्या झाडांचा ढीग पडला होता. मुळांना लाल माती तशीच. दोन शिपाई गठ्ठे बांधून ताणकाट्याला लावत होते, चहाच्या टपरीवरून आणलेले दोन पंच नाकाला रुमाल लावून बसले होते, आणि एक शेळी मागून येऊन पानं ओढत होती. तिला तीनदा हाकललं. जमादार मुळासकट वजन लिहीत होते. कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचा किंवा फळांचा शेंडा. नुसतं खोड, मुळं, शेंड्याशिवायची पानं त्यात धरायची की नाही, ओल्याचं वजन मोजायचं की वाळल्याचं, यावर वकील जामिनाच्या अर्जांत भरपूर बोलतात. मोजणाऱ्या शिपायाला त्याची फिकीर नव्हती. त्याला दुपारच्या आत पोती शिवून लाखेचं सील लावायचं होतं.

मागणीच्या बाजूचं एक वाक्य तरी नाशिककराने लिहायलाच हवं. कायद्यात धार्मिक कारणाला सूट नाही. तरी २०१५ च्या सिंहस्थात तपोवनातल्या साधुग्रामात धुनीपाशी चिलीम फिरत होती आणि बंदोबस्ताचा पोलीस दुसरीकडे बघत होता. २०२७ ला काही निराळं होईल असं वाटत नाही. हेम्प कमिशनने बैराग्यांबद्दल जे प्रश्न विचारले होते ते तपोवनात तसेच्या तसे विचारता येतील. बाहेर जग थोडं हललंय. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. देशातला कायदा मात्र होता तसाच आहे. पोलिसांचं लक्षही आता मेफेड्रोनकडे, म्हणजे एमडीकडे जास्त. ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखानाच सापडला. कारखान्याला पाऊसपाणी लागत नाही.

त्या ठाण्यातला पंचनामा मी उभ्या उभ्या वाचला होता. जमादारांनी चतुःसीमा घातली होती. पूर्वेस नाला, दक्षिणेस पायवाट, उत्तरेस व पश्चिमेस सागाची झाडं. पीक कोणाचं, या प्रश्नासमोर ‘अज्ञात इसम’. जमिनीच्या मालकाच्या नावापाशी त्यांचं पेन थोडा वेळ थांबलं, मग त्यांनी लिहिलं, ‘महाराष्ट्र शासन’.