हायड्रोकार्बन पाठ करू नका, हायड्रोजन मोजा

मीथेन, इथेन, इथीन, इथाइन... ही नावं एकापाठोपाठ वाचली की सगळी सारखीच वाटतात आणि मग मुलं घोकंपट्टी करत बसतात. खरंतर गरज नाहीये. हायड्रोकार्बनमध्ये कार्बन आणि हायड्रोजन सोडून तिसरं काही नसतंच, कार्बनचे चार बंध पूर्ण व्हायलाच हवेत आणि हायड्रोजनचा एकच, बस्स, एवढ्यावरून सगळी कुटुंबं स्वतः काढता येतात.

दोन कार्बन घ्या. एकेरी बंधाने जोडले तर प्रत्येकाचे तीन-तीन बंध उरतात, तिथे ६ हायड्रोजन बसतात, हे इथेन. दुहेरी बंध केला की जागा उरते ४ हायड्रोजनना, ते इथीन, आणि तिहेरी केला तर फक्त २, म्हणजे इथाइन, वेल्डिंगमध्ये ज्याला ॲसिटिलीन म्हणतात तोच गॅस. झाली तीन कुटुंबं: अल्केन, अल्कीन, अल्काइन. अल्केनमध्ये जागा शिल्लक नाही म्हणून ते संतृप्त, बाकी दोन्ही असंतृप्त, आणि ब्रोमीनच्या तांबूस पाण्याचा रंग हे असंतृप्तच घालवतात कारण ब्रोमीन त्या जादा बंधापाशी येऊन जोडला जातो.

साखळी लांबली की उत्कलनांक वाढतो. मीथेन उणे १६२ अंशांना उकळतो, पाच कार्बनचा सरळ पेंटेन ३६ ला. फांद्या फुटल्या की प्रकार वाढतात, दहा कार्बनच्या अल्केनचे तब्बल ७५ समघटक (सूत्र तेच, जोडणी वेगळी) होतात!

आता मला सगळ्यात आवडणारा बेंझीन. फॅरडेने १८२५ मध्ये शोधला. ६ कार्बन आणि हायड्रोजनही ६ च, हेक्झेनमध्ये तर १४ असतात, म्हणजे हा भलताच असंतृप्त असणार आणि ब्रोमीनच्या पाण्याचा रंग झटकन घालवणार असं वाटतं ना, पण तो तसं करत नाही! १८६५ मध्ये केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सहा कार्बनची रिंग सुचवली, एक बंध एकेरी एक दुहेरी अशी. पण दुहेरी बंध एकेरीपेक्षा आखूड असतो आणि बेंझीनचे सहाही बंध मोजले तर एकाच लांबीचे निघतात, दोन्हींच्या मधल्या, कारण जादा इलेक्ट्रॉन कुठल्या एका जोडीत न राहता पूर्ण रिंगभर पसरलेले असतात, त्यामुळे रेणू स्थिर होतो आणि सहजासहजी ब्रोमीनला जोडून घेत नाही. म्हणून याचं कुटुंबच वेगळं, ॲरोमॅटिक. अशा दोन रिंगा एक बाजू सामायिक ठेवून जोडल्या की नॅफ्थलीन होतं, १० कार्बन पण हायड्रोजन ८ च, कागदावर काढून बघा, जोडावरच्या दोन कार्बनना हायड्रोजन का मिळत नाही ते लगेच दिसेल.