क्रँकचं स्प्रॉकेट निघत नाही तेव्हा

टायमिंग बेल्टचं (क्रँकशाफ्टशी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा मेळ राखणाऱ्या दातेरी पट्ट्याचं) काम काढलं की बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप हे सगळं बऱ्यापैकी सरळ सुटतं आणि गाडी अडते ती क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या लहानशा दातेरी चक्रापाशी, म्हणजे स्प्रॉकेटपाशी. त्याच्या मागचं ऑइल सील गळत असेल तर ते स्प्रॉकेट काढल्यावाचून गत्यंतर नसतं. हात आधी टॉमीकडे (उचकटायच्या कांबीकडे) जातो, मग हातोडीकडे, आणि नुकसान होतं ते इथेच. अशा वेळी ताकद बहुधा पुरेशी असते, पण ती वाकडी लागत असते.

स्प्रॉकेट शाफ्टवर कसं बसलंय ते आधी पाहू. शाफ्टच्या टोकावर खाचेत एक चावी असते, पुष्कळदा अर्धगोल. गॅरेजमध्ये तिला वुडरफ की म्हणतात. समोरून एक मोठा बोल्ट सगळं आवळून धरतो. चावी फक्त स्प्रॉकेटची जागा ठरवते. फिरवण्याचा भार मुख्यतः पेलतं ते बोल्टच्या दाबामुळे निर्माण होणारं घर्षण. काही इंजिनांत चावी नसतेच, सगळी भिस्त घर्षणावर असते. तिथे कॅम आणि क्रँक लॉक केल्याशिवाय बोल्टला हातच लावायचा नसतो, कारण टायमिंगची खूण ठेवणारं दुसरं काही उरत नाही.

काही स्प्रॉकेट मुळात हाताने सरकतील अशी बसवलेली असतात, काही दाबून. दाबून बसवलेल्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शाफ्टचा व्यास ३० मिमी, पकडीची लांबी २५ मिमी, स्प्रॉकेटच्या बुंध्याचा बाहेरचा व्यास ४५ मिमी आणि भोक शाफ्टपेक्षा अवघं ०.०२ मिमी लहान असं धरा. एवढ्याशा फरकामुळे दोन्ही पृष्ठभागांवर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३८ न्यूटन दाब येतो. घर्षणांक ०.१५ घेतला तर स्प्रॉकेट सरळ ओढून काढायला साडेतेरा हजार न्यूटन लागतात, म्हणजे जवळजवळ १,४०० किलोचा जोर.

मुळात सैल असलेलं स्प्रॉकेट पुढे घट्ट होतं ते गंजामुळे. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि फट काही मायक्रॉनचीच असल्यामुळे ती भरायला फार गंज लागत नाही. मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनासारख्या बेल्टवाल्या इंजिनांत हे चक्र तेलाबाहेर, कोरडं असतं. कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत वर्षानुवर्षं वापरलेल्या गाडीत ते जाम झालेलं असेल असं धरूनच कामाला बसावं. चेनवाल्या इंजिनात स्प्रॉकेट तेलात भिजलेलं असतं. तिथे ते अडलं तर कारण गंज नसून फिटिंग किंवा मुरडलेली चावी असते.

आता वाकड्या ताकदीचं गणित. जुन्या कपाटाचा खण एकाच कडेने ओढला की तो तिरका होऊन अडकतो, तसंच इथे होतं. पकडीची लांबी २० मिमी आहे आणि टॉमी अक्षापासून ३० मिमी अंतरावर, दात्यांच्या कडेला लावली आहे असं समजा. तिरक्या ओढीमुळे भोकाच्या दोन टोकांना विरुद्ध बाजूंनी दाब येतो आणि त्यातून घर्षण वाढतं. लांबीला अंतराच्या दुपटीने भागलं की मर्यादा मिळते: २० भागिले ६०, म्हणजे ०.३३. घर्षणांक याहून जास्त असेल तर सैल फिटिंगही हलत नाही, कारण जितका जोर लावावा तितकं घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. कोरडं, गंजलेलं पोलाद ही मर्यादा ओलांडू शकतं. तेल मुरलेल्या पोलादाचा घर्षणांक ०.१ ते ०.१५ असतो. गंज सोडवणारं तेल मारून थांबण्याला एवढा अर्थ आहे.

तेव्हा सुरुवात तेलानेच करावी. क्रँकचा बोल्ट काढल्यावर शाफ्ट आणि भोक यांच्यामधली रेघ तारेच्या ब्रशने साफ करून तिथे पातळ तेल सोडावं, किमान अर्धा तास थांबावं, रात्रभर मुरलं तर उत्तम. मधूनमधून पितळी तुकड्यावर हलके ठोके द्यावेत, म्हणजे तेल फटीत खेचलं जातं. हलके म्हणजे खरोखर हलके. क्रँकशाफ्टची पुढेमागे सरकण्याची मोकळीक साधारण ०.१ ते ०.३ मिमी असते आणि ती सांभाळणारी थ्रस्ट बेअरिंगची पट्टी पातळ असते. शाफ्टच्या टोकावर जोरात हाणलेला प्रत्येक घाव तिच्यावर जातो. स्लाइड हॅमरलाही (दांड्यावर वजन सरकवून झटके देणाऱ्या हत्यारालाही) माझा विरोध याच कारणासाठी आहे.

बोल्ट सोडताना जुन्या टायमिंग बेल्टच्या भरवशावर क्रँक धरू नये, दाते तुटतात. स्टार्टर मारून बोल्ट ढिला करण्याची युक्ती तर हात मोडायची आहे. फ्लायव्हील लॉक करावं किंवा पुली धरायचं हत्यार वापरावं. बेल्ट निघाल्यावर क्रँक किंवा कॅम उगाच फिरवू नये. अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात.

मग पुलर. त्याची खुबी अशी की तो स्प्रॉकेटला बाहेर ओढतो आणि तेवढ्याच जोराने शाफ्टच्या टोकाला आत रेटतो. दोन्ही बळं शाफ्ट, स्प्रॉकेट आणि पुलर या तिघांतच मिटतात, बेअरिंगपर्यंत काहीच पोचत नाही. जोरही हवा तितका मिळतो. १२ मिमीच्या स्क्रूवर ४० न्यूटन-मीटर टॉर्क लावला, म्हणजे पाव मीटरच्या पान्ह्यावर सुमारे १६ किलोचा जोर दिला, तर कोरड्या आट्यांतही साधारण १,७०० किलोची ओढ तयार होते. वरच्या हिशेबातलं दाबून बसवलेलं स्प्रॉकेट त्यात निघतं.

स्प्रॉकेटच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतील तर बोल्टवाला पुलर लावावा. बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्यावेत आणि निदान आपल्या व्यासाइतके आत फिरवावेत. मात्र ते आरपार जाऊन मागच्या ऑइल पंपाच्या ॲल्युमिनियम अंगावर टेकता कामा नयेत, ते अंग तडकतं. भोकं नसतील तर बेअरिंग स्प्लिटर. त्याच्या दोन पाती स्प्रॉकेटच्या मागच्या अरुंद फटीत शिरतात आणि सगळीकडून सारखा आधार देतात. दोन पायांचा साधा पुलर हा माझ्या मते शेवटचा पर्याय. पाय दात्यांवरून निसटतात, बेल्टला जागेवर धरणारी स्प्रॉकेटची बाजूची कड वाकते, आणि पुष्कळ स्प्रॉकेट धातूची पूड दाबून, भाजून बनवलेली असल्यामुळे दाते वाकण्याऐवजी तुटून पडतात. मागे क्रँक सेन्सरची दातेरी चकती असेल तर तिला पाय लावूच नये. ती वाकली की इंजिन मिसफायर होतं आणि दोष भलतीकडे शोधला जातो. सेन्सर आधीच काढून ठेवावा.

पुलरचा टोकदार स्क्रू थेट शाफ्टच्या भोकात टेकवला तर आटे बिघडतात. शाफ्टवर पितळेची जाड चकती ठेवावी, किंवा त्याच आट्याचा, स्प्रॉकेटच्या भोकातून सहज पार होईल इतक्या लहान डोक्याचा बोल्ट फिरवून त्यावर स्क्रू टेकवावा. स्क्रू ताणून आवळल्यावर लगेच अजून जोर न देता पुलरच्या डोक्यावर एक हलका ठोका मारावा. बहुतेक वेळा ‘टक्’ असा आवाज येतो आणि स्प्रॉकेट केसभर सरकतं. आवाज आला की अर्धं काम झालं.

तरीही हललं नाही तर उष्णता. ३० मिमीचं पोलादी भोक शाफ्टपेक्षा ८० अंश सेल्सिअसने जास्त तापलं की सुमारे ०.०२९ मिमी मोठं होतं, म्हणजे मघाचा ०.०२ मिमीचा आवळ पुरता सुटतो. काम करतो तो तापमानातला फरक. सावकाश तापवलं तर शाफ्टही तापतो आणि सगळा फायदा जातो. म्हणून पुलर ताणलेला ठेवून हॉट एअर गनने फक्त स्प्रॉकेट चारी बाजूंनी भरभर तापवावं. पाण्याचा थेंब चरचरला की पुरे. गॅसची ज्योत टाळावी. पोलादावर पिवळसर झाक साधारण २२० अंशांना आणि निळी ३०० च्या आसपास येते. निळं पडलेलं स्प्रॉकेट मऊ झालेलं असतं, ते परत बसवू नये. नायट्रिल रबरचं सील १०० ते १२० अंशांपलीकडे टिकत नाही, तेव्हा नवीन सील जवळ ठेवूनच तापवायला घ्यावं. आधी मारलेलं तेल पुसून घ्यावं, कारण ते पेटू शकतं. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तर गरम धातूपासून लांबच हवा. त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो.

एवढं करूनही हार मानावी लागली तर स्प्रॉकेटचा बळी द्यावा, शाफ्टचा नव्हे. चावीच्या खाचेवर स्प्रॉकेटची भिंत सर्वांत पातळ असते. तिथे शाफ्टपासून एखादा मिलिमीटर राखून ड्रिल मारावं आणि त्या भोकात छिन्नीचा एक घाव घालावा. भिंत तडकली की आवळ जातो आणि स्प्रॉकेट हाताने निघतं. चुरा सीलकडे जाऊ नये म्हणून मागे ग्रीस लावलेलं कापड कोंबून ठेवावं.

निघाल्यावर चावी आणि खाच बारकाईने पाहावी. लालसर तपकिरी पूड दिसली तर स्प्रॉकेट चालू इंजिनात सूक्ष्म हलत होतं. हे किती महागात पडतं ते १९८९ साली आलेल्या मझ्दा एमएक्स-५ च्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत दिसलं. शाफ्टचं टोक आखूड, बोल्टचा टॉर्क १०८ ते ११८ न्यूटन-मीटर. बोल्ट जरा कमी आवळला गेला की चावी आणि खाच घासून रुंद होत, टायमिंग मागे सरके आणि गाडीची ओढ कमी होई. पुढे टोक लांब केलं गेलं आणि टॉर्क १५७ ते १६७ वर नेला. रुंदावलेल्या खाचेत नुसती नवी चावी घालून भागत नाही.

परत बसवताना शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने साफ करावा, फुगवटे कानशीने काढावेत आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. घट्ट स्प्रॉकेट ठोकून बसवू नये. शंभर अंशांपर्यंत तापवलं की ते सरकत जातं. चावी तिरकी बसली तर स्प्रॉकेट तिच्यावर चढून अडकतं, म्हणून ती शाफ्टला समांतर आहे ना ते बघून घ्यावं. ताणून बसवण्याचा बोल्ट असेल तर नवाच वापरावा आणि कंपनीने दिलेला टॉर्क व कोन दोन्ही पाळावेत. बेल्ट चढवल्यावर क्रँक पान्ह्याने हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवावा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा पुन्हा जुळायला हव्यात. एक दात जरी इकडेतिकडे दिसला तरी बेल्ट उतरवून, खुणा जुळवून पुन्हा चढवावा आणि मगच स्टार्टर मारावा.