केंद्रीय मार्ग निधी

इंधनावरील उपकरातून, म्हणजे ठरावीक कामासाठी घेतलेल्या जादा करातून, रस्त्यांसाठी वेगळा काढून ठेवलेला केंद्र सरकारचा निधी. सार्वजनिक बांधकाम खात्यात आणि कंत्राटदारांच्या बोलण्यात तो 'सीआरएफ' (सेंट्रल रोड फंड) म्हणूनच ओळखला जातो. २०१८ पासून त्याचे नाव 'केंद्रीय मार्ग व पायाभूत सुविधा निधी' असे झाले असले, तरी जुने नाव तोंडून जायला तयार नाही.

या निधीची कल्पना एका मुंबईकर बॅरिस्टरच्या समितीतून आली. मोटारी वाढल्या तसे बैलगाडीच्या हिशेबाने बांधलेले खडीचे रस्ते उखडू लागले. ते दुरुस्त करायचे काम लोकल बोर्डांचे, आणि त्यांच्या तिजोरीत तर खडखडाट. १९२७ साली मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. (पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू तेच, विद्यापीठाच्या ग्रंथालयालाही त्यांचेच नाव आहे.) रस्ता जो वापरतो त्याच्याकडूनच पैसा घ्यावा आणि तो रस्त्यावरच खर्चावा, असे समितीचे म्हणणे होते. त्यानुसार १९२९ मध्ये पेट्रोलवरचा कर गॅलनमागे ४ आण्यांवरून ६ आणे झाला आणि वरचे २ आणे निधीत जाऊ लागले. थोडा हिस्सा केंद्राकडे ठेवून उरलेली रक्कम प्रांतांना त्यांच्या पेट्रोलच्या खपानुसार मिळे. म्हणजे जिथे मोटारी आधीच फिरत होत्या, तिथेच जास्त पैसा. मागास भागावरचा हा अन्याय सूत्रातच होता.

आजचा निधी २००० च्या कायद्यावर उभा आहे. त्याआधीच, १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर, लिटरमागे १ रुपया बसवला गेला होता. कायद्याने त्याची वाटणी ठरवली: डिझेलच्या उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांना, आणि बाकीचा राष्ट्रीय महामार्ग, रेल्वेवरचे उड्डाणपूल व राज्यांचे रस्ते यांना. राज्याचा हिस्सा काढताना इंधनाच्या खपाबरोबर क्षेत्रफळही धरले जाऊ लागले. २००० च्या डिसेंबरातच सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा मोठा आधार हाच पैसा होता.

निधीचा एक गुण सरकारी हिशेबात दुर्मीळ आहे. यंदा खर्च झाला नाही म्हणून यातला पैसा बुडत नाही. मार्च संपता संपता भर उन्हात घाईघाईने ओतलेले डांबर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे मोल कळेल. मात्र उपकर थेट निधीत जमा होत नाही. तो आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीत, जातो आणि संसदेच्या मंजुरीनंतरच इकडे वळतो. या वळणावर पैसा अडकतो. विविध उपकरांची पूर्ण रक्कम त्यांच्या राखीव निधींत वर्ग झालेली नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०१८-१९ च्या लेख्यांबाबत नोंदवले आहे.

२०१८ च्या अर्थसंकल्पात पेट्रोल-डिझेलवरचे मूळ उत्पादन शुल्क लिटरमागे २ रुपयांनी उतरवले, ६ रुपयांचे अतिरिक्त शुल्क काढले आणि ८ रुपयांचा 'मार्ग व पायाभूत सुविधा उपकर' बसवला. पंपावरचा भाव जिथल्या तिथे राहिला. बदल झाला तो आतल्या वाटपात. उत्पादन शुल्कात वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांचा वाटा असतो, उपकरात नसतो. शिवाय निधीचे दार रेल्वे, जलमार्ग, विमानतळ, रुग्णालये आणि शाळांनाही उघडले. कामे चांगली असतील, पण रस्त्यासाठी म्हणून घेतलेल्या पैशाला इतके वाटेकरी करणे जयकर समितीच्या तर्कात बसत नाही.

महाराष्ट्रात या निधीची ओळख रस्त्याकडेच्या फलकावरून होते: कामाचे नाव, 'किमी ०/०० ते ८/५००' अशी लांबी, मंजूर रक्कम, कंत्राटदार आणि शेवटी दोष दायित्व कालावधी. या मुदतीत खड्डा पडला तर तो कंत्राटदाराने स्वखर्चाने बुजवायचा असतो. मुदत संपली की देखभाल राज्याच्या अंगावर येते. ग्रामसडकेची साधारण पाच वर्षांनी. तोवर फलकावरची अक्षरे बहुधा उन्हाने उडालेली असतात.